बोटाने ढकललेला पंखा

सेऊलच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, पंख्यांच्या दुकानापुढच्या रांगेत हेसुक उभी होती. तिच्या पुढचा तरुण फुशारकीने मालकांशी बोलत होता.

“मालक, पॉवर सप्लायला गार ठेवणारा पंखा फार घरघरायचा. त्याला हा वेग कमी करणारा रेझिस्टर जोडला आणि आवाजच गेला! अजून एक द्या.”

“जोडल्यावर पंखा आपोआप फिरला?”

“बोटाने जरा ढकलावं लागलं. मग फिरत राहिला की.”

“अरे शहाण्या, म्हणजे एकदा बंद केलास की तो स्वतःहून सुरूच होणार नाही, आणि सप्लाय तापून पेटेल. कुठे आहे तो सप्लाय?”

“घरी. त्यावर बाबांच्या चाकाच्या खुर्चीची बॅटरी चार्ज होतेय. आवाजाने त्यांना झोप लागायची नाही, म्हणून तर केलं.”

“आज चालू कोणी केला?”

“बाबांनीच. सकाळी.”

“फोन लाव. आधी फोन लाव!”

“माझं नंतर बघा,” हेसुक मालकांना म्हणाली आणि तरुणाकडे वळली, “तू स्पीकरवर लाव.”

“बाबा, सप्लायचा आवाज येतोय का?”

“छे! किती दिवसांनी मस्त डोळा लागला.”

“वर हात लावून बघा. तापलाय?”

“चांगलाच. चहाचा कप वरच ठेवलाय. सकाळपासून गार झालेला नाही.”

“बाबा, प्लग काढा! हात पोहोचतो का?”

“थांब, खुर्ची सरकवू दे.”

चाकं कुरकुरली. मग काहीच ऐकू येईना. हेसुकने मालकांकडे पाहिलं, मालकांनी फोनकडे.

“बाबा? बाबा!”

“काढला रे, काढला. ओरडतोस काय? आता चहा गार झाला तर तूच येऊन तापव.”