परसातल्या खोलीच्या छपराची भोकं बुजवल्याबाबत

सकाळी दहाला आले, आता साडेबारा झाले. अडीच तासांत मला कुणी खुर्ची दिली नाही. "अज्जी, मनेगे होगी," म्हणजे आजी, घरी जा, एवढं मात्र तिघांनी सांगितलं. ज्याला काही सांगायचं नाही त्या माणसाला तुम्ही दोनदा बोलावता, आणि जिला सांगायचं आहे तिला घरी पाठवता. हे आधी लिही, मग नाव-गाव लिही, असं मी लिहून घेणाऱ्या पोरीला सांगितलं. तिनं साहेबांकडे बघितलं आणि लिहिलं.

मी, इंदिराबाई नागेशराव हंचाटे, वय ७६ वर्षे, शिक्षण तिसरी, धंदा कापडावर ठसे छापणे, राहणार हिनकल, म्हैसूर, पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन समक्ष सांगते ते खालीलप्रमाणे. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. महिला शिपाई पावनी ही निपाणीकडची असून तिला मराठी लिहिता येतं, म्हणून जबाब मराठीत घेतला आहे. साहेबांसाठी कन्नड तीच करणार आहे. करताना माझं बोलणं मऊ करू नये.

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा किरणकुमार, सून आणि नात नव्या, वय २०, असे राहतो. मागच्या दोन खोल्यांत माझा जावई मंजुनाथ पतंगे, वय ५१, धंदा सुतारकाम, हा एकटा राहतो. येलवालला एका कारखान्यात दारं-खिडक्या करतो. माझी मुलगी जयवंती ही त्याची बायको. ती अडीच वर्षांपूर्वी वारली. त्यांना मूल नाही. ती गेल्यावर मी दोन वर्षं ठसा हातात धरला नाही. का, ते या कामाचं नाही.

मागच्या वर्षी शिवरात्रीनंतर मंजुनाथनं परसात खोली बांधायला घेतली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातून आल्यावर आणि रविवारी, असं करत त्यानं ती एकट्यानं बांधली. बारा फूट लांब, दहा फूट रुंद. विटांचं जोतं, लोखंडी पाइपचे खांब, वर सपाट छप्पर. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणाला, लाकूड ठेवायला. खिडकी उत्तरेला ठेवली आणि आत टेबल केलं ते माझ्या कमरेच्या उंचीचं. लाकूड ठेवायला कमरेएवढं टेबल लागत नाही, एवढं मला तिसरीतही कळत होतं.

आधी वर नुसता पत्रा होता. चैत्रात ती खोली म्हणजे तापली कढई. मी आत तासभर थांबले आणि त्याला म्हटलं की मला भाजायचं असेल तर सरळ चुलीवर ठेव. पुढच्या रविवारी त्यानं पत्रा उतरवला आणि छप्पर नव्यानं घातलं. ते कसं घातलं हे साहेबांना समजावं म्हणून सांगते, कारण भांडण त्याचंच आहे.

खालून छताला प्लायवूड. त्याच्यावर जाड प्लास्टिकचा कागद. त्याच्यावर वाशांच्या मधे थर्माकोल दाबून बसवलेलं. थर्माकोलच्या वर चार बोटं जागा रिकामी. मग फळ्या आणि सगळ्यात वर डांबरी चादर. वाशांमुळे छपराच्या पोटात सहा कप्पे झाले. प्रत्येक कप्प्याला दोन्ही टोकांना एकेक भोक, त्यावर खारीसाठी जाळी. एकूण भोकं बारा. वारा एका टोकानं आत जायचा आणि दुसऱ्यानं बाहेर पडायचा.

भोकं कशाला, असं मी मंजुनाथला विचारलं होतं. तो मला इथल्या रीतीनं अत्ते, म्हणजे सासूबाई, म्हणतो. म्हणाला, "अत्ते, भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं की नाही? तुम्ही इथं रंग उकळणार. वाफ वर जाऊन गार फळीला लागली की तसंच पाणी धरणार. खालचा कागद वाफ अडवतो. त्यातूनही गेली, तर वारा ती घेऊन जातो. म्हणून दोन गोष्टी. छताला खिळा मारायचा नाही, आणि भोकं बुजवायची नाहीत." हे त्यानं मला दोन वेळा सांगितलं. मी ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं आणि मानलं नाही.

आमचं रंगाऱ्याचं घर. कापड वाळतं ते छताला दोरी बांधून. माझ्या सासऱ्यांनी तसंच केलं, नवऱ्यानं तसंच केलं. ज्येष्ठात मंजुनाथ कामावर असताना मी छताला आठ हुक ठोकले आणि दोऱ्या बांधल्या. नव्यानं स्टूल धरलं होतं, पण तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं नाव यात गुंतवू नये. संध्याकाळी मंजुनाथनं हुक बघितले. हुकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, होगली. म्हणजे असू दे. मी त्या वेळी टेबलावर पहिली साडी पसरली होती. दोन वर्षांत पहिली.

मग आषाढ लागला. इथला आषाढातला वारा साहेबांना सांगायला नको. तो छपराच्या भोकांतून घुसायचा आणि हुकांच्या फटींतून धूळ, थर्माकोलचे पांढरे दाणे असं सगळं खाली ओल्या रंगावर पडायचं. तीन साड्या वाया गेल्या. रंगाऱ्याच्या घरात पहिला नियम, ओल्या ठशाला वारा लागू द्यायचा नाही. छापायच्या खोलीला भोक दिसलं की चिंधी कोंबायची, हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात शिकले. साठ वर्षं हाताला तेच वळण. मी घरातली एक जुनी साडी फाडली, स्टुलावर चढले आणि जाळी सारून भोकांत बोळे कोंबले. या वयात स्टुलावर कशा चढलात, असं पावनीनं विचारलं. जशी पंचविशीत चढत होते तशी.

दहा भोकं बुजवली. कंपाउंडकडच्या शेवटच्या कप्प्याची दोन राहिली, कारण एका टोकाला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी असल्यानं तिथं स्टूल टेकत नव्हतं. हे लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे. मंजुनाथला मी सांगितलं नाही. जाळीच्या आड बोळा खालून दिसत नव्हता.

दसऱ्यापर्यंत खोलीत रोज दोन भांडी रंग उकळू लागला. खिडकी मी बंदच ठेवायची. मार्गशीर्षात छताला पिवळे डाग दिसले. मला वाटलं, रंगाचे शिंतोडे.

दिनांक १७ जानेवारी, शनिवार, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास नव्या त्या खोलीत ओल्या साड्या दोरीवर टाकत होती. मी टेबलाशी होते. एका दोरीवर चार टाक, असं मीच सांगितलं. वर लाकूड करकरलं आणि मधलं छत हुकांसकट खाली आलं. नव्याच्या डोक्याला सात टाके पडले आणि उजवं मनगट मोडलं. मंजुनाथची त्या दिवशी दुसरी पाळी होती, म्हणून तो घरी होता. त्यानं फळ्या उचलून तिला बाहेर काढलं आणि रिक्षातून दवाखान्यात नेलं. किरणकुमार नजरबादच्या कचेरीतून परस्पर तिकडे आला. लेकीच्या कपड्यांवरचं रक्त बघून त्यानं दवाखान्यातच मंजुनाथची कॉलर धरली. मंजुनाथनं हात खालीच ठेवले.

त्याच संध्याकाळी किरणकुमारनं तक्रार दिली की मंजुनाथनं कुजकं लाकूड वापरलं, त्याला छप्पर घालण्याचं ज्ञान नाही, आणि त्याच्या हलगर्जीपणानं मुलगी जखमी झाली. माझ्या मुलाला मी दोष देत नाही. बापानं ओरडायचं नाही तर कुणी? पण लाकूड कुजकं आणलेलं नव्हतं. ते मी कुजवलं.

दवाखान्यातून आल्यावर मंजुनाथ शिडी लावून छपरावर चढला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. त्यानं एका भोकाची जाळी काढली, बोळा ओढला, हातात उलटापालटा केला. मग दुसरा. दहाही काढले आणि शर्टाच्या आत घातले. खाली उतरला तेव्हा किरणकुमार परसात उभा होता. विचारलं, काय सापडलं? मंजुनाथ म्हणाला, काही नाही.

रविवारी बोलावल्यावर त्यानं या ठाण्यात येऊन सांगितलं की काम माझं, चूक माझी, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. साहेबांनी त्याला परत गुरुवारी बोलावलं आहे. काल सोमवारी मी बघितलं तर त्यानं सामान बांधायला घेतलं होतं. येलवालला खोली बघितली आहे म्हणे. मी विचारलं, कुणी जा म्हटलं? तर म्हणाला, "कुणी नाही, अत्ते. जयवंती असती तर गोष्ट वेगळी. आता मी या घरात कोण?" यावर मी त्याला काय बोलले ते लिहायचं कारण नाही. शिव्या होत्या.

तो कामावर गेल्यावर मी त्याची हत्यारांची पत्र्याची पेटी उघडली. दुसऱ्याची पेटी उघडणं गुन्हा असेल तर तोही लिहून घ्यावा. रंधा आणि पटाशीच्या खाली ते दहाही तुकडे होते. धुतलेले, वाळवलेले, एकावर एक घडी करून ठेवलेले. चिंध्यांची घडी कुणी घालत नाही.

मी फाडलेली साडी जयवंतीची होती. विटलेली होती, नेसायच्या लायकीची नव्हती. फाडताना मी बघून फाडली नाही असं नाही.

काल संध्याकाळी हे सगळं मी किरणकुमारला सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू सुम्ने राहा, गप्प बस. जावयाला वाचवायला खोटं बोलतेस." म्हणून आज पुरावा घेऊन आले. दहा तुकडे या पिशवीत आहेत, मोजून घ्यावेत आणि काम झाल्यावर परत द्यावेत. मला नकोत, ज्याच्या पेटीतले आहेत त्याला द्यावेत. दुसरं, साहेबांनी माणूस पाठवून छप्पर बघावं. पाच कप्प्यांतल्या फळ्या काळ्या पडल्या आहेत, बोट घातलं तर आत जातं. कंपाउंडकडच्या सहाव्या कप्प्यातली फळी खडखडीत आहे, ठोकली तर वाजते. तीच फळी, त्याच दुकानातली, त्याच हातानं बसवलेली. फरक एवढाच की तिथं माझा हात पोचला नाही.

शनिवारीच का सांगितलं नाही, असं साहेबांनी विचारलं. नव्या टेबलाखाली पाय मुडपून पडली होती आणि मी तिला हाका मारत होते. दवाखान्यात शुद्धीवर येऊन तिनं मला हळूच विचारलं, "अज्जी, हुकांचं अप्पांना सांगू?" अप्पा म्हणजे तिचा बाप, किरणकुमार. मी म्हटलं, आधी बरी हो. ते मी तिच्यासाठी म्हटलं नाही. भ्याले होते. पावनी इथं 'घाबरल्यामुळे सांगण्याचे राहून गेले' असं लिहीत होती. राहून गेलं नाही, मी राहू दिलं. तसं लिहायला लावलं आहे.

छप्पर परत घालायचं आहे. दोऱ्या खांबांना बांधायच्या, छताला नाही. हे मंजुनाथला सांगायला तो घरात असला पाहिजे, म्हणून त्याची पेटी मी कुलूप लावून माझ्या पलंगाखाली ठेवली आहे. किल्ली माझ्या कमरेला आहे.

वरील मजकूर पावनीनं मला दोन वेळा मोठ्यानं वाचून दाखवला. एका ठिकाणी तिनं 'वृद्धापकाळामुळे अनवधानाने' असं घातलं होतं, ते मी खोडायला लावलं. आता मी बोलले तेवढंच आहे, जास्त नाही, कमी नाही. अंगठा तीन वेळा घेतला पण उमटला नाही. रंगात आणि चुन्यात बोटांच्या रेघा गेल्या आहेत. म्हणून सही करते, वेळ लागेल, थांबावं.

गुरुवारी मंजुनाथला बोलवायचं नाही. कागद काढायचा तर माझ्या नावानं काढावा. या छपराबद्दल ठाण्यात कुणी विचारलं तर जबाब मी द्यायचा, आणि मंजुनाथची कॉलर का धरली याचा जबाब किरणकुमारनं घरी द्यायचा, त्याच्या तोंडावर, नव्यासमोर.

(सही) इंदिराबाई नागेशराव हंचाटे
दिनांक २० जानेवारी, मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे