उन्शू नाव कुठून आलं

नागाशिमा बेटावरच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या शेजारणी संत्री सोलत बसल्या होत्या.

"हिसानो, नव्या वर्षाला तेत्सुरोचा फोन आला का गं?"

"मीच केला. विचारलं, आपल्या संत्र्याला उन्शू का म्हणतात रे?"

"हे काय लेकाला विचारायचं? उन्शू म्हणजे चीनमधलं शहर. तिकडची संत्री नावाजलेली, म्हणून आपल्या फळाला ते नाव चिकटलं. फळ मात्र इथलंच, या बेटावरचं. शेंबडं पोरही सांगेल."

"मला ठाऊक नाही होय? माझ्या बापाचा जन्म गेला कलमं बांधण्यात."

"मग?"

"तेत्सुरो कामासाठी त्या शहरात जाऊन आलाय. एकदा सहज विचारलं, तर वीस मिनिटं सांगत बसला. तिथली नदी, बाजार, मासळी, सगळं. ओसाकाला गेल्यापासून एवढा कधी बोलला नव्हता. तेव्हापासून दर वर्षी विचारते."

"त्याला कळत नाही?"

"आई विसरते, असं वाटत असेल. वाटू दे."

"यंदा काय म्हणाला?"

"म्हणाला, आई, तुला नवा मोबाइल पाठवलाय ना, त्यात बघ."

"अगं बाई! मग?"

"मग काय, बघितलं."

"सापडलं?"

"सापडलं की. दोन ओळी होत्या."