लाँचच्या कठड्याशी एक ठिपका

ताई: हेच! अगं बाई, हे अण्णाच आहेत! नाक बघ, मिशी बघ. दे तो फोन इकडे, मी यांना सांगते, पोलिसांच्या कुत्र्याला लाँचवर चढवा म्हणून.

धाकटा: ताई, थांब. फोन खाली ठेव.

ताई: का ठेवू? तिकडे धक्क्याजवळ जीप चालू करून बसलेत ते लोक. अण्णांना शोधायला कुत्रं एक, तुकडी एक. आत्ता सांगितलं नाही तर खाणीच्या रस्त्याला निघून जातील. खाडीपलीकडे जाणारी लाँच ही शेवटची, आणि मग अंधार.

धाकटा: म्हणूनच म्हणतोय थांब. हा चेहरा माझ्या फोटोत नव्हता.

ताई: नव्हता म्हणजे? माझ्या डोळ्यांसमोर आहे!

धाकटा: फोटोत हे होतं. बघ. लाँचच्या कठड्याशी एक ठिपका. डोक्याच्या जागी चार करडे चौकोन. तू रडत होतीस म्हणून मी तो तुकडा त्या स्पष्ट करणाऱ्या प्रोग्राममधून काढला, आणि हा चेहरा बाहेर आला.

ताई: मग स्पष्ट झाला ना! धूळ पुसल्यावर दिसतं तसं.

धाकटा: धुळीखाली काहीतरी असतं, ताई. इथे खाली काहीच नाही. प्रोग्राम आपल्या मनाने भरतो.

ताई: आणि त्याच्या मनात अण्णांचीच मिशी आली?

धाकटा: मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. खोटं निघालं तर? खाणीत उघडे खड्डे आहेत, पाण्याने भरलेले. आपण कुत्रं पलीकडे पाठवायचं आणि अण्णा इकडे...

ताई: पुढे बोलू नकोस. पान टपरीवाल्याने खाणीच्या रस्त्यावर म्हातारा बघितला, एवढ्यावरच ते साहेब तिकडे निघालेत. त्या म्हाताऱ्याची मिशी कुणी बघितली? तिकीटवाला म्हणतो रोज शंभर म्हातारे चढतात, कुणाकुणाला लक्षात ठेवू. मी आपली सकाळपासून घसा फोडून सांगतेय, अण्णा आईला बघायला गेलेत पलीकडच्या दवाखान्यात. रोज उठल्यावर विचारतात, तिचा डबा गेला का?

धाकटा: दवाखाना कधीच बंद झाला.

ताई: ते तुला माहीत, मला माहीत. आई गेली हेही आपल्यालाच माहीत. त्यांच्या लेखी ती अजून तिथे खाटेवर पडून वाट बघतेय. आता तिथे काय आहे? रिकाम्या खोल्या, मागे कमरेएवढं गवत आणि चिखल. विचारायला चिटपाखरू नाही.

धाकटा: ओरडू नकोस ना. मला सुचेनासं होतं.

ताई: सकाळी बरं सुचत होतं! मी अंघोळीला जाताना काय म्हणाले? अण्णांकडे लक्ष ठेव. तू काय म्हणालास? मी आहे. कुठे होतास? इथे, गच्चीवर, या तिपाईवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून.

धाकटा: लेन्स तपासत होतो. जुनी विकत घेतलीय, परत करायची मुदत आजच होती. लांबचा फोटो काढायचा, त्यातला नखाएवढा तुकडा कापून मोठा करायचा आणि बघायचं, किती बारकावे टिकतात. लाँचच्या पाटीवरची अक्षरं लागतात का ते बघत होतो.

ताई: लागली?

धाकटा: लागली.

ताई: शाब्बास. बाप गेला, पण अक्षरं लागली.

धाकटा: मार मला. पण नंतर. आत्ता भावोजींना फोन लाव आणि स्पीकरवर ठेव.

ताई: का?

धाकटा: तीच चाचणी परत घ्यायची. तिपाई सकाळपासून हललेली नाही. लाँच त्याच जागी लागलीय. भावोजींना कठड्याशी उभं करतो, फोटो काढतो, तेवढाच तुकडा कापतो. भावोजी भावोजींसारखे दिसले तर त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवू.

ताई: लाव लवकर. तूच लाव.

भावोजी: हां, बोला. इथे साहेब घड्याळाकडे बघतायत आणि कुत्रं माझ्याकडे. काही पत्ता?

धाकटा: भावोजी, लाँचवर चढा. वरच्या डेकवर, मागच्या कठड्याशी.

भावोजी: लाँचवर? बरं. चढतो बाबा. तिकीटवाला हटकतोय... अहो, येतो लगेच, फोटो काढायचाय. हसू नका, घरचा फोटोग्राफर आहे... हं. आलो. इथे?

धाकटा: अजून मागे. अजून. लाल पिंपापाशी. सकाळी तो माणूस फोटोच्या अगदी कोपऱ्यात होता. ही लेन्स मधोमध करकरीत आहे, पण कोपऱ्यात ढिली पडते. पाटीची अक्षरं मधोमध होती, म्हणून लागली.

भावोजी: लेन्सचं नंतर सांग रे. हा पिंप. आता?

धाकटा: इकडे तोंड करा. हलू नका.

भावोजी: हलत नाही. पुतळा झालो.

ताई: अहो, थट्टा कसली सुचते तुम्हाला?

भावोजी: थट्टा नाही गं. गप्प बसलो तर मलाच रडू येईल.

धाकटा: काढला. तिथेच थांबा. ताई, कार्ड घे, लाव कॉम्प्युटरमध्ये. हा कोपरा... कापला. हे भावोजी.

ताई: हे? हा तर डाग आहे नुसता. डोळे नाहीत, काही नाही.

धाकटा: आता प्रोग्राममधून काढतो. थोडा वेळ घेतो तो.

ताई: देवा, यांचा चेहरा येऊ दे. एवढं कर रे. यांचा चेहरा येऊ दे.

धाकटा: आला.

भावोजी: काय झालं? मी आलो का बरा?

ताई: अहो, तुम्हाला मिशी आलीय.

भावोजी: मला? मी जन्मात कधी मिशी ठेवली नाही!

धाकटा: नाकाखाली सावली दिसली, त्याने मिशी काढली. नाकही तेच दिलंय. सकाळच्या शेजारी ठेव. दोघे सख्खे भाऊ वाटतायत.

ताई: मी त्या चेहऱ्याला हात लावला रे मघाशी. स्क्रीनवरून गालाला हात लावला. आणि ते कुणीच नव्हतं.

धाकटा: ताई, बस जरा.

ताई: बसून काय करू? माझ्या बापाचा चेहरा मला ओळखता आला नाही. मशीनने काहीतरी गिरवलं आणि मी अण्णा अण्णा करत बसले.

भावोजी: अगं, माणूस घाबरला की असंच होतं. मी सकाळपासून चार परक्या म्हाताऱ्यांना हाक मारली. बरं, साहेब खालून विचारतायत. त्यांना काय सांगू? खाण की पलीकडे?

धाकटा: थोडं थांबवा त्यांना. मी प्रोग्राम बंद केलाय. आता नुसते दोन तुकडे ठेवलेत, जसे लेन्सने दिले तसे. सकाळचा आणि आत्ताचा. त्यात काय टिकलंय तेवढंच बघतो. चेहरा टिकत नाही. शर्टाचा रंगही धड टिकत नाही. ताई, इकडे ये. भावोजींच्या पायाशी काय दिसतं?

ताई: पांढरं काहीतरी. दोन ठिपके.

धाकटा: भावोजी, पायात काय आहे?

भावोजी: पांढरे बूट. फिरायला जायचे. सकाळी घाईत तेच चढवले.

धाकटा: म्हणजे काळ्या डेकवर पांढरा बूट या कोपऱ्यातही टिकतो. दोन असले तर दोन दिसतात, सुटे सुटे. आता सकाळचा माणूस बघ.

ताई: एकच ठिपका आहे.

धाकटा: एकच. मला वाटलं होतं दुसरा पाय गजाआड असेल. पण पाय फाकून उभा आहे तो. मधल्या फटीतून पाणी चमकतंय.

ताई: मग संपलंच की. अण्णा काळ्या चपला घालून गेलेत. मीच सांगितलं पोलिसांना. त्यांचा एकही पांढरा ठिपका दिसायला नको. हा दुसराच कुणीतरी म्हातारा आहे.

धाकटा: ताई...

ताई: अहो, सांगून टाका साहेबांना. खाणीकडे जा म्हणावं. आमच्याकडे काही नाही. सकाळपासून आम्ही एका ठिपक्याला वडील म्हणत बसलोय, म्हणावं.

भावोजी: नक्की? एकदा जीप वळली की परत यायची नाही हं.

धाकटा: भावोजी, सांगू नका! ताई, काळ्या चपला हे तुला कसं कळलं?

ताई: कसं म्हणजे? पांढरे बूट दाराशीच होते. मी घेऊन दिलेले, फिरायला. बूट घरात, म्हणजे चपला घालून गेले.

धाकटा: दोन्ही बूट होते?

ताई: होतेच की. रॅकखाली पांढरं दिसलं मला.

धाकटा: वाकून बघितलंस?

ताई: वाकून कशाला... माझा तेव्हा जीव थाऱ्यावर होता का? ओल्या केसांनी रस्त्यावर धावले होते मी.

धाकटा: जा. बघून ये. धाव!

(ताई जिना उतरून जाते. गच्चीवरचं ऊन टाकीच्या वरच्या कडेपर्यंत चढलेलं. ती परत येते तेव्हा तिच्या दोन हातांत दोन वेगळ्या वस्तू असतात.)

धाकटा: ताई?

ताई: एक बूट. आणि एक काळी चप्पल. रॅकखाली शेजारी शेजारी, नीट लावून ठेवलेली. जोडी असल्यासारखी.

धाकटा: म्हणजे पायातही...

ताई: एक पांढरा, एक काळी. अरे, त्यांना जोडी लावता येत नाही हल्ली. परवा माझा एक मोजा आणि त्यांचा एक, असे घालून बसले होते. मी हसले होते रे. मी हसले.

भावोजी: ऐकलं मी. लाँचचं इंजिन सुरू झालंय. लवकर काय ते ठरवा.

धाकटा: शेवटचा फोटो. एकदा करून बघितल्याशिवाय मला धीर होत नाही.

ताई: अहो, एक बूट काढा.

भावोजी: काय?

ताई: उजव्या पायातला बूट काढा! आत मोजा कुठला आहे?

भावोजी: काळा. भोक पडलंय त्याला.

ताई: राहू दे भोक. तसेच उभे राहा. पाय फाकून.

भावोजी: राहिलो. खालून अख्खी लाँच बघतेय माझ्याकडे. साहेबही.

धाकटा: काढला. कार्ड... हा कोपरा. कापला. बघ ताई. तूच बघ, मी बोलत नाही.

ताई: एक ठिपका. डाव्या पायाचा. उजवा पाय डेकमध्ये विरून गेलाय. तस्साच.

धाकटा: तसाच.

ताई: अहो, पलीकडे! पलीकडे चला सगळे! दवाखान्याच्या मागच्या गवतात आधी बघा, मग खोल्या. दुसऱ्या मजल्यावर आई होती. कोपऱ्यातली खाट. तिथे बघा.

भावोजी: थांब, साहेब विचारतायत, चेहरा पटला का?

ताई: सांगा, पाय पटले.

भावोजी: साहेब, पाय पटले... हो, पायच. एका पायात पांढरा बूट, एका पायात काळी चप्पल. असा माणूस जगात दुसरा असणार आहे का?... बरं बरं. बाईसाहेब, कुत्रं चढतंय. त्याला पाणी आवडत नाही, पण चढतंय. आणि साहेब म्हणतात, ते अंगाला लागलेलं काहीतरी पाहिजे होतं वासाला, तर तू शेजारच्या पोराबरोबर पाठवलेला मफलर चालेल.

ताई: चालेल. सकाळी गळ्यातला काढून खुंटीला लावला होता त्यांनी. गार वाटत असेल आता. अहो, भेटले तर ओरडू नका त्यांच्यावर. आईचं विचारतील. ती झोपलीय म्हणा.

भावोजी: म्हणतो. तू पाणी पी थोडं. आणि त्याला काही बोलू नकोस.

ताई: बोलायचं ते बोलून झालंय.

भावोजी: आणि बरं का रे, मघापासून सांगायचं राहिलं. इथून गच्ची चांगली दिसते. पिवळी टाकी दिसते, आणि टाकीजवळ तू. चेहरा नाही कळत. पण तूच उभा आहेस हे कळतं.

धाकटा: काय म्हणालात?

भावोजी: तूच आहेस हे कळतं, म्हटलं. रेंज जातेय. ठेवतो.

ताई: काय झालं? परत कॉम्प्युटरवर काय शोधतोयस?

धाकटा: त्या ठिपक्याचा हात. सकाळच्या. डोक्याच्या वर एक काडी आहे बघ, मला वाटलं मागचा खांब असेल. भावोजींच्या फोटोत तिथे खांबच नाही.

ताई: ऊन लागत असेल. डोळ्यांवर हात धरला असेल.

धाकटा: पुढच्या फोटोत तो हात डावीकडे आहे. त्याच्या पुढच्यात उजवीकडे. शेवटच्यात लाँच सुटलीय, तरी हात वरच. मी पाटीवरची अक्षरं बघत होतो, ताई. तेवढा सगळा वेळ मी अक्षरं बघत होतो.

ताई: पुरे. मिटव तो कॉम्प्युटर.

धाकटा: ते मला हात करत होते.

ताई: उठ. इकडे ये, कठड्यापाशी. लाँच सुटली बघ.

धाकटा: त्यात अण्णा नाहीत.

ताई: नसू देत. ती तिकडेच चाललीय ना? हात वर कर. सकाळचा राहिलाय.