शिंगातला लाल बोळा

मंडळी, ऐका! हात जोडलेत, पण अर्ध्यांचे डोळे दाराकडे — चपलांवर! मग मला सांगा, संशय माणसाची राखण करतो, की माणूसच संशयाची राखण करत बसतो?

घाटाखाली एक गाव. तिथं गावदेवीची पालखी उचलायची, तर आधी शिंग वाजायला हवं. पितळेचं, वाकडं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. वाजवायचा मान बाळकोबा शिंगाड्याचा. एखाद्या वर्षी शिंग बोललं नाही, तर मान भावकीत जायचा! आणि भावकी काय, टपूनच बसलेली असते — तुमच्याकडे नसते का?

जत्रा तोंडावर आली आणि शिंग खुंटीवरून पडलं. नळीला हा एवढा पोचा! पोचा काढणारा पंचक्रोशीत एकच, रावजी तांबट. हात सोन्याचा, पण त्याची ऊठबस भावकीत. झालं! बाळकोबाच्या मनानं घेतलं, हा जुनं जाड पितळ ठेवून घेईल, पातळ शिंग माथी मारेल. मग त्यानं काय करावं? बायकोच्या लुगड्याचा लाल बोळा केला, काठीनं शिंगात खोल सारला. खूण! बायको म्हणाली, अहो, फाटकं तरी घ्यायचं.

पोचा निघाला, रावजी स्वतः शिंग घरी देऊन गेला. बाळकोबानं उन्हात धरून आत पाहिलं. लाल दिसतंय. म्हणजे शिंग आपलंच! आता बोळा काढावा की नाही? पण तेवढ्यात दुसरा संशय आला — बोळा जागचा हलला नाही, तर ह्यानं आतून काम केलं तरी का? रात्रंदिवस नळी चाचपत बसला, आणि बोळा राहिला आतच. वाजवून बघावं, तर तेही नाही. दुरुस्तीनंतरची पहिली फुंक देवीपुढं, आधी फुंकलं तर शिंग उष्टं होतं. गावचा रिवाज!

जत्रेचा दिवस. भोई खांदा लावून उभे. बाळकोबानं गाल फुगवले, फुंकलं — फुस्स! पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. भावकी पुढं सरकली. बाळकोबा तिथंच रावजीवर उखडला. भावकीला सामील होऊन शिंग बिघडवलं म्हणाला, भर देवळात.

रावजीही काही संत नव्हता, तापट गडी. पण त्या दिवशी हळू बोलला.

"बाळकोबा, तुमची खूण सापडली मला. काढली, पोचा काढला, परत होती तिथंच घातली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"खूण नसती, तर मी चोर ठरलो असतो. माझ्यासमोर तुम्ही ती काढाल, म्हणून वाट बघत होतो. तुम्ही दारातूनच मला वाटेला लावलंत."

बाळकोबानं तारेच्या आकड्यानं बोळा ओढला. सगळ्या गावानं तो लाल चिंधा पाहिला. लाज वाटली हो त्याला, मान वर होईना. शिंग ओठाला लावलं, पण न फुंकताच खाली घेतलं. मग त्यानं ते रावजीपुढं धरलं.

"तू फुंक."

रावजीनं जन्मात शिंग वाजवलं नव्हतं. जो आवाज निघाला, त्यापेक्षा रेड्याचा बरा! पण शिंग बोललं, पालखी उठली. आणि मान? भावकीतला म्हातारा म्हणाला, पुढच्या वर्षी बाळकोबाच वाजवील, कान वाचतील आमचे.

मंडळी, आता देवाचं नाव घ्यायचंय. आवाज फुटत नसेल, तर देवाकडे बोट दाखवू नका. घशात कुणाच्या नावाचा बोळा सारून ठेवलाय — भावाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या — तो आधी काढा. आणि खांबाशेजारचे दादा, चपला पिशवीत घालून मांडीखाली घेतल्यात, त्या बाहेर ठेवून या. आम्ही थांबतो.