खो मिळेपर्यंत

अमरावतीच्या मोटारस्टँडवर देवराव अकोल्याच्या गाडीची वाट पाहत होते. त्यांचा डोळा खिडकीजवळच्या जागेवर होता. शेजारी ट्रंकेवर बसून केशरबाई आणि त्यांची नात शालू लाडवांचा डबा उघडून पाहत होत्या.

"आजी, सारे लाडू एकाच बाजूनं तोंड करून बसवले तुवा! खो-खोत एक इकडे पायते, दुसरी तिकडे."

"दाने कुटले मीनं, गूळ कालवला मीनं, तिळाचे डोळे लावले मीनं. आता तोंडं तू फिरव."

"हे पाय, हा लाडू मी. खो भेटायच्या आंधीच उठतो न् फाऊल होते. शाळेच्या बाई म्हने, आज अकोल्याच्या मॅचमधी उठली तं टीमच्या बाहेर."

"मंग नको उठू."

"पाय आयकत नाहीत ना!"

"आतापासून शिकव त्याईले. खो भेटल्याबिगर उठाचं नाही."

तेवढ्यात गाडी आली. सगळे धावले, देवरावही धावले.

"शालू, उठ वो! जागा जाईन!" केशरबाई ओरडल्या.

शालू ट्रंकेवरून हलली नाही.

"बयरी झाली काय, पोरी?"

"आजी, खो कुठं देल्ला?"

केशरबाईंनी डबा काखेत मारला आणि नातीच्या पाठीवर थाप हाणली.

"खो!"

शालू खिडकीजवळ जाऊन बसली, तेव्हा देवराव अजून पहिल्या पायरीवर होते.