तिचं नाव काढू नको, माजं बीपी वाढंल

माजं माहेर उरन बाजूचं, मिठागरातलं. बाप मीठ ओढायचा, आय मीठ ओढायची, आमी पोरं कळती झालो तसे आमीपन त्याच उन्हात उतरलो. काय सांगू तुमाला, त्या उन्हात मानूस उभ्याउभ्या घेरी येऊन पडायचा. मंग माजी आय काय करायची, तांब्याभर पानी, त्यात हात सैल सोडून मीठ, लिंबू असलं तर लिंबू, नायतर नुसतंच, आनि म्हनायची पी, घामातनं गेलं ते परत आत घाल. तो मानूस प्यायचा, जरा बसायचा आनि उठून कामाला लागायचा. मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. म्हनून डोक्यात पक्कं बसलं, चक्कर आली का मीठ. हे जरा ध्यानात ठेवा, मी परत तिकडं येनार हाय.

मंग मला पनवेलजवळ सुकापूरला दिली. तवा सुकापूर म्हंजे भातशेती आनि थोडी घरं, आता तुमी बगताच. ही आपली बिल्डिंग हाय ना, ही आमच्याच शेतावर उभी हाय. शेत बिल्डरला गेलं, आमाला सातव्या माळ्यावर फ्लॅट मिळाला. जिथं मी वाकून वाकून लावनी केली त्याच्यावर, हवेत, आता मी भाकऱ्या भाजते. लिफ्ट बंद पडली का बसा वर. यांना बरं वाटतं, म्हनतात खिडकीतनं सगळा पनवेल दिसतो. मला खाली पाय टेकायची सवय, मला वरनं बगून काय करायचंय?

यांना म्हंजे आमच्या मालकांना. मानूस वाईट नाय हां, दारू नाय, उनाडक्या नाय. पन तापट. आवाज असा का बांधावरनं हाक मारली तर शेताच्या त्या टोकाचा बैल थांबायचा. तर ते येकदा दाढ काढायला पनवेलला गेले. त्या डॉक्टरनी आधी बीपी बगितलं आनि म्हनाला, काका, दाढ मागनं बगू, आधी हे खाली आना. मंग दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो, त्यानी गोळी लिहून दिली, म्हनाला मीठ कमी करा, रोज चाला, राग कमी करा, गोळी सोडू नका. यांनी त्यातला नेमका राग उचलला. तोपन आपला राग कमी करायचा असं नाय, दुसऱ्यानी यांना राग आनायचा नाय. गोळी थोडे दिवस घेतली, मंग म्हनाले डोकं दुखत नाय, गरगरत नाय, तर गोळी कशाला? दिली डब्यात टाकून. कालवनात मीठ कमी घातलं तर ताट सारायचे. मी बोलायला गेले का म्हनायचे, बोलू नको, माजं बीपी वाढंल.

मंग घरात तोच कायदा झाला. शेजारी कोनी टीव्ही मोठा लावला, यांचं बीपी वाढतं. मी भजनाला गेले आनि उशीर झाला, बीपी वाढतं. खरं सांगते, मी घाबरायचे. मानूस समोर छातीवर हात ठेवून बसला तर कोन नाय घाबरनार?

आमाला येकच पोरगी, वनिता. पनवेलला येका हापिसात कामाला व्हती. तिनी आपटा गावचा पोरगा पसंत केला. आपल्यातला नाय. पोरगा चांगला, नदीच्या कडेला घर, आईबाप साधे, मी येकदाच बगितलेत, पन आपल्यातला नाय. यांनी आधी सगळं घर डोक्यावर घेतलं आनि मंग छातीवर हात ठेवून सोफ्यावर बसले. पोरगी पिशवी घेऊन दारात उभी, आनि हे माज्याकडं बगून म्हनाले, ह्या घरात आता तिचं नाव काढू नको, माजं बीपी वाढंल, मी गेलो तर तुज्या कपाळावर. काय करनार मी? दार लावलं. ती गेली.

आपटा काय सातासमुद्रापार हाय? पनवेलच्या स्टँडवरनं यष्टी धरली का जरा बूड टेकतंय तोवर आला. पन मला ते गाव तुटलं. फोन यांच्या उशाशी. बाजारात जायचं तर हे बरोबर, लिफ्टमधी बरोबर. मला नात झाली हे मला भाजीवालीनी सांगितलं, बगा! आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नायत, ते ठीक हाय, ते आमी आयुष्यभर केलं. पन आपल्या पोटच्या पोरीचं नाव गिळायचं? मी कदीकदी मोरीत नळ मोठा सोडायचे आनि आत बसून म्हनायचे, वनिता, वनिता. हसू नका. खरंच असं करायचे.

त्याच सुमाराला मला सकाळी उठल्यावर मान मागनं जड लागायला लागली. कदी डोळ्यासमोर माश्या उडाल्यासारखं व्हायचं. मला वाटलं वय झालं. बीपी मला कशाला असंल, बीपी तर तापट मानसाला होतं, माजा तर आवाजपन कोनी ऐकलेला नाय. गरगरलं का मी आयचं औषध करायची, लिंबूपानी आनि त्यात मीठ. बरं वाटल्यासारखं व्हायचं. वर दुपारी भाकरीबरोबर सुका बोंबील, आंब्याचं लोनचं. म्हंजे मीठ खाली आनि मीठ वर. दवाखान्यातल्या डॉक्टरीनबाई मागनं म्हनाल्या, मावशी, उन्हात घाम गाळनाऱ्याचं औषध तुमी पंख्याखाली बसून घेत व्हता.

मंग तो दिवस. तुमाला ठावं हायच, पन माज्याकडनं ऐका. दुपारची वेळ, मी सुपात सुका जवळा निवडत व्हते. हातातनं सूप सुटलं. उचलायला गेले तर उजवा हात माजा नायच, कोनाचा तरी उसना हात. यांना हाक मारायला गेले तर तोंडातनं नुसता आवाज, शब्द नाय. आनि बगा, माज्या डोक्यात तवा येकच शब्द फिरत व्हता, वनिता. मला वाटलं, झालं, आता जीभ गेली, आता ते नाव कदीच बाहेर येनार नाय. मोरीत बसून बोलले तेवढंच. मरायची भीती नाय वाटली तेवढी याची वाटली.

हे आले. यांना काय सुचनार? मीच शिकवलेलं, गरगरलं का मीठपानी. लगबगीनं केलं, ग्लास माज्या तोंडाला लावला. आनि पानी सगळं उजव्या बाजूनं गळून लुगड्यावर. तवा यांनी माजं तोंड नीट बगितलं. वाकडं झालं व्हतं. ग्लास टाकला आनि असे ओरडले, तो जुना आवाज, बैल थांबवायचा. तो ऐकून तुमी शेजारच्या दारातनं धावत आलात, ग्लास बाजूला केलात, म्हनालात पाजू नका, ठसका लागंल, आनि गाडी काढलीत. देव तुमाला सुखी ठेवो. उशीर झाला असता तर मी आज तुमच्याशी बोलत बसले नसते.

दवाखान्यात दंडाला बीपीचा पट्टा बांधला, येकदा बगितलं, परत बगितलं, दुसऱ्या हाताला बगितलं. डॉक्टरीनबाई म्हनाल्या, मावशी, हे आजचं नाय, जुनं हाय. बीपी वाढायला राग यायलाच हवा असं नाय, गप्प मानसालापन होतं, आनि बऱ्याच जनांना कायच कळत नाय, म्हनून तर मोजायचं. आनि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, नायतर येकायेकी दिसेनासं झालं, तर तवाच्या तवा दवाखाना, थोड्या वेळानी बरं वाटलं तरी. माजी जीभ संध्याकाळी वळायला लागली, हातपन हलायला लागला. नशीब. यांचंपन मोजलं, तेपन वाढलेलंच. बाईंनी यांना चांगलं झापलं आनि गोळ्या परत चालू केल्या.

पन येक गोष्ट माज्या काळजात घुसली. नर्स कागद भरत व्हती, तिनी यांना विचारलं, मुलंबाळं? आनि हे म्हनाले, कोनी नाय. मी खाटेवर डोळे मिटून व्हते, पन कान उघडे व्हते ना!

आता घरात मशीन हाय. बोंबलाचा डबा मी कामवालीला देऊन टाकला. सकाळी चहाआधी आमी दोघं टेकून बसतो, पाय खाली, जरा शांत व्हायचं, मंग पट्टा. नर्सनी शिकवलंय, मोजताना ज्याच्या हाताला पट्टा त्यानी बोलायचं नाय. तर येक दिवस मी यांच्या हाताला पट्टा बांधला, बटन दाबलं, पट्टा फुगायला लागला, आनि यांना तर बोलायची बंदी. मी म्हनलं, वनिता. घरात, मोठ्यानं, नळ न सोडता. यांनी डोळे वटारले. पट्टा उतरला, आकडा आला. काल व्हता तेवढाच! मी मशीन यांच्यापुढं धरलं. म्हनाले, मशीन बिघडलंय. मी माजं मोजलं, म्हनलं माजं तर बरोबर दाखवतंय.

दुसऱ्या दिवशी परत. वनिता. तिसऱ्या दिवशी, वनिताला मुलगी झालीय. रोज असंच. हे चिडतात, उठून खिडकीत जातात, दिवसभर अबोला धरतात. पन सकाळी हात पुढं करतात. ठावं हाय ही काय बोलनार, तरी बाही वर करून बसतात.

आपट्याला अजून गेले नाय मी. येकटीला हे खाली सोडत नायत, म्हनतात चक्कर येऊन पडशील. आधी यांच्या बीपीनी अडकले व्हते, आता माज्या. दाराला आतनं कडी, बाहेरनं कडी. चालायचंच. तुमी मात्र मोजून घेत जा, तरन्या हाव म्हनून सोडू नका.

आज सकाळी मला कटाळा आलेला. पट्टा बांधला, बटन दाबलं आनि गप्प बसले. पट्टा फुगला, उतरला, आकडा आला, मी काय बोलले नाय. हे बगत रायले माज्या तोंडाकडं, असे नीट, जवळ येऊन, त्या दिवशी बगितलं तसे. म्हनाले, काय गं, जीभ जड झाली का परत? मी म्हनलं, नाय. मंग बोल की, म्हनाले, आनि परत हात पुढं केला.