दीड दिवसाचे पाच

अरे, पूजाबिजा करून माणूस सुधारतो का म्हणता? आमच्या घरचं ऐका!

गावी, कासूला, आमचे बाबा आणि काका एकाच अंगणात राहतात, पण शेताच्या बांधावरून दोघांचा कायमचा अबोला. फक्त गणपती घरात असेपर्यंत बोलायचं, कारण देवासमोर अबोला चालत नाही. आणि गणपती दीड दिवसाचा! त्यात यंदा काकांची धाटावच्या कंपनीत शिफ्ट. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले, "दादा, जेवलास काय?" एवढंच म्हणाले, तोच भटजी विसर्जनाआधीच्या पूजेला हजर.

बाबा एकदम म्हणाले, "भटजीबुवा, पाच दिवस ठेवला तर?"

"एकदा वाढवला की कमी करता येत नाही हं. नवस आहे का कसला?"

बाबा समईची वात सारखी करायला लागले. मागून काकाच बोलले, "असंल कायतरी. ठेवा तुम्ही. मी सुट्टी टाकतो."

काय ते दिवस, यार! दोघं पत्ते काय खेळले, हसले काय!

पाचव्या दिवशी विसर्जन करून आलो आणि दोघं अंगणातून न बोलता आपापल्या दाराकडे वळले. दारातून बाबा आईला म्हणाले, पण आवाज असा की शेजारच्या गडब गावापर्यंत जावा, "अगो, माघी गणपती पण बसवूया काय?"

समोरून काका काकूवर ओरडले, "अगो, माघात मला सुट्टी टाकायला लागंल!"

आता बाबांचा मला रोज फोन, "कॅलेंडरात बघ रे, माघ कधी लागतो?"

अजून पाच महिने आहेत, यार. कसं सांगू त्यांना?